खसखशीचा डबा

विंझर,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. मानसिंग यास सुप्रियाताईचे अ. उ. आ.

आईला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तिला पत्रच लागतं. हे लिहून त्याचा फोटो तुझ्या मोबाईलवर धाडते. भाटघरचा कुमार पुढच्या शनिवारी तिकडं कामाला येतोय. त्याच्या बायकोला, मंगलला, आठवा महिना, तरी निघालाय. आईनं त्याच्याजवळ अनारशांचा डबा दिलाय. तिथं मिळत नसेल म्हणून वर खसखशीची मोठी पुडी बांधलीय.

आई म्हणते, ‘कुनाशी भांडू नगं, पोलिसाच्या वाऱ्याला उभा ऱ्हाऊ नगं. तितं आपलं कोन हाय?’

खुशाली कळवत जा. माया वाढवीत राहा.

तुझी ताई


कामगार छावणी,
२८ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस मानसिंगचा शि. सा. न.

हे आईला वाचू नकोस. शनिवारी विमानतळाबाहेर मी पाच तास थांबलो. कुमार आलाच नाही. त्याच्या विमानातल्या एकानं सांगितलं, पोलिसांनी त्याला धरलं. इथं खसखस नशेचा माल धरतात, ताई. चार वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं, आईला कुठून असणार?

डबा आपला नाही, एवढंच कुमार पोलिसांना म्हणतो, असं कळलं. कुणाचा, ते सांगत नाही. खोलीतला गेनू म्हणतो, परक्या मुलखात आपल्या पायानं ठाण्यात जाऊ नये, गप बसावं. दोन दिवस मी गप बसलो. पण मंगल डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या सकाळी जाऊन सांगतो, डबा माझा.

मला भीती वाटते. माझ्यावर राग धरू नका.

तुझा मानसिंग


भोर,
६ नोव्हेंबर २०२४

चि. मानसिंग यास अ. उ. आ.

तुला ठाण्यात ठेवून घेतल्याचं गेनूनं कळवलं. हे त्याच्याच मोबाईलवर धाडतेय, भेटीला आला की तो तुला वाचून दाखवील. आईपासून लपवता आलं नाही. माझं तोंड बघून तिनं सगळं वाचायला लावलं. सकाळी नवं लुगडं नेसून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी. इथल्या तहसील कचेरीत तिनं प्रतिज्ञापत्र केलं. अनारसे कसे करतात, खसखस कशाला लावतात, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘लिवा, पुडी म्या बांदली. पोरांना काय बी म्हाईत नव्हतं. धरायचं तर मला धरा.’ लिहिणारा कारकून थांबला, चष्मा पुसून मग त्यानं लिहिलं.

कागद दूतावासाकडं गेलेत. तू गेलास ते बरं केलंस, असं आईनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

धीर सोडू नकोस.

ताई


कामगार छावणी,
२ डिसेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न.

मला सोडलं, मागोमाग कुमारही सुटला. फाटकाबाहेर मला बघून त्यानं पायच धरले. नाव का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाला, तुझी आई येऊन सारखी विचारीत होती, डबा जड तर होत न्हाई ना, तिच्या पोराचं नाव पोलिसाला कसं सांगू? त्याला मुलगी झाल्याचं मीच सांगितलं. तो कामावर लागलाय.

आईचा कागद त्यांच्या भाषेत करून कोर्टात साहेबांपुढं वाचला. मला शिक्षा झाली नाही, पण देश सोडायला सांगितलंय. इथं पुन्हा येता येणार नाही. चार वर्षांची नोकरी गेली.

मी खरं बोललो याचं दुःख नाही. तरी सामान भरताना हात चालत नाहीत. बुधवारी निघतो. भोरच्या स्टँडवर तू एकटीच ये. घरी जायच्या आधी मला थोडं रडायचं आहे.

तुझा,
मानसिंग