कावळ्याने घाई करू नये

२ जून १९५७, रविवार
ऑफिसातल्या टिपणिसांचा दहावा. ठाण्याला, तळ्यावर. उन्हात पावणेदोन तास उभा. कावळा पिंडाला शिवेना. सगळे हात जोडून पिंडासमोर आश्वासने देत होते. भाऊ म्हणाला, मुलीचं लग्न मी करून देईन. कावळा पिंपळावरच. मेहुणा म्हणाला, अलिबागचं घर कुणी मोडणार नाही. कावळ्याने मान फिरवली. धाकट्याला बी.ए. करण्याचे झाले, तुळजापूरला जाऊन येण्याचे झाले. भटजींना दुसरीकडे जायचे होते, ते दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात आमचा म्हातारा शिपाई सहदेव पुढे झाला आणि म्हणाला, सायेब, तुमची खुर्चीवरची उशी मी कुनाला देनार नाय. कावळा झपकन खाली! चाळीस माणसे रडली. मीसुद्धा.

टिपणीस हयात असताना त्यांच्याबद्दल कुणी पाच मिनिटे बोललेले माझ्या ऐकिवात नाही. आज चाळीस माणसे पावणेदोन तास एकच विचार करत होती, की या माणसाला हवे तरी काय होते? पुतळे, रस्त्याला नाव, भिंतीवर फोटो, सगळे झूट. आठवण काढणे म्हणजे हे.

ठराव : माझ्या दहाव्याला कावळ्याने किमान दोन तास येता कामा नये.

३ जून, सोमवार
हिला सहज म्हणून विचारले, माझ्या वेळी कावळा शिवला नाही तर तू काय कबूल करशील? ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, न शिवायला काय झालं? तुमच्या मनात राहिलंय काय? आमटीत मीठ कमी पडलं तरी चार घरांना कळतं. तुमचा कावळा भटजींच्या आधी येऊन बसलेला असेल, बघा.

एकोणतीस वर्षांचा संसार आणि ही कदर! म्हणजे हिच्या मते मी आतून रिकामा. नीला (कन्या, इंटर आर्ट्स) फिदीफिदी हसली. कॉलेजात हेच शिकवतात.

रागाने जेवलो नाही. नुसता दहीभात.

५ जून, बुधवार
अपूर्ण इच्छांची यादी करायला घेतली. कॉन्फिडेन्शियल. किमान सात हव्यात.

पहिली, सतार शिकणे. (१९३१ साली एका ओळखीच्यांकडे सतार पाहिली होती.) दुसरी, ऑफिसात खिडकीजवळचे टेबल. पण ते टिपणिसांचे होते, काल मलाच मिळाले. खोडली. तिसरी, हिमालय. थंडी सोसत नाही. खोडली. चौथी, दुधीभोपळा घरात येऊ नये. ही अगदी मनापासूनची, पण घाटावर भटजींसमोर बरी दिसणार नाही.

निष्कर्ष : फार खोल इच्छा शब्दांत सापडत नाहीत. यादी पुढल्या आठवड्यात पुरी करावी.

९ जून, रविवार
शांतपणे विचार केला. इच्छा असोत नसोत, लोक किती वेळ थांबणार हे कावळ्याच्या हातात. तेव्हा आपण कावळ्यालाच हाताशी धरले पाहिजे. अडचण एकच, त्या दिवशी मी हजर नसेन. म्हणून तयारी आत्तापासून.

योजना : रोज सकाळी सहाला गच्चीवर भाताचे गोळे, वरून काळे तीळ, आत लाल तिखट. तीळ लावलेला भाताचा गोळा म्हणजे जिभेची आग, हे मुलुंडच्या कावळ्यांना एकदा कळले की काम झाले. पिढ्यानपिढ्या पोरांना सांगतील. ठाण्याच्या तळ्यावर इथलेच कावळे जात असणार, फार लांब नाही. गोळ्यांना डायरीत ‘नमुने’ म्हणावे. दुसरा शब्द राहत्या घराच्या गच्चीवर बरा नाही.

१० जून, सोमवार, स. ६.२०
नमुने सहा. सहाही खाल्ले. एका कावळ्याने चोच वासून पाण्याची टाकी गाठली. रिझल्ट उत्साहवर्धक.

१४ जून, शुक्रवार
ही म्हणाली, तिखटाचा डबा अर्धा कसा झाला? म्हटले, उंदीर. ही म्हणाली, उंदीर कधीपासून तिखट खायला लागले? म्हटले, मुंबईचे आहेत. डबा उचलून आत गेली. पटले असावे.

२२ जून, शनिवार
एक कावळा तिखटाला सोकावला आहे. तीन नमुने मटकावून चौथ्याची वाट पाहत बसतो. मालवणकडचा असावा. वरच्या मजल्यावर जयवंत परब राहतात, त्यांच्यापुढे हे निरीक्षण मांडू नये.

७ जुलै, रविवार
नमुने सहा. शिवलेले शून्य! सोकावलेल्यालाही बाकीच्यांनी कोकलून हाकलले. सगळे कठड्यावर बसून गोळ्यांकडे संशयाने बघत होते. झकास. ऑफिसात तीस वर्षांत एवढी यशस्वी योजना कुणी राबवलेली नाही.

दुपारी सूचनापत्र लिहिले. वर ‘कै. श्यामकांत गोविंद दिघे यांचेविषयी’ असा मथळा. मथळा दोनदा वाचला. सूचना थोडक्यात अशा : चंदन नको, उगाच शोभा. खांदेकरी सारख्या उंचीचे निवडावेत. धाकटा भाऊ विद्याधर (बोरीवलीला असतो) सव्वापाच फूट, त्याला मडके धरून पुढे चालू द्यावे, नाहीतर मी त्याच्या बाजूला घसरेन. पुरण्याचा प्रश्न नाही, मला बंद जागा सोसत नाही. अस्थी जुहूला नकोत, तिथे लोक भेळ खातात. पवईच्या तळ्यात मुळीच नकोत, तिथे गळ टाकून बसतात. नाशिक. दर्भाचा कावळा चालणार नाही. भटजी घाई करू लागल्यास त्यांना चहा द्यावा. दोन तासांच्या आत कुणी जागा सोडू नये, छत्र्या उघडण्यास हरकत नाही.

पाकीट लाखेने बंद करून परबांकडे दिले. छापखान्यात काम करतात, कागदाची किंमत जाणतात. पाकिटावरचे ‘कै.’ वाचून म्हणाले, दिघेनू, तब्येत बरी आसा मां? भला माणूस.

९ जुलै, मंगळवार
पाकीट आमच्याच स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीखाली दिसले. परबांनी त्याच संध्याकाळी हिला आणून दिले म्हणे. लाख शाबूत आहे असे लांबून वाटते.

११ सप्टेंबर, बुधवार
पितृपंधरवडा सुरू झाला आहे. हे धरलेच नव्हते. खालच्या मजल्यावरच्या मंडळींनी पान ठेवले आणि दोन वाजेपर्यंत उपाशी बसली. गच्चीवर कावळे भरपूर आहेत. ओळीने कठड्यावर बसतात, पानाकडे बघतात आणि लांब सरकतात. कुणी म्हणाले, मुलुंड मुंबईत गेलं, कावळ्यांची वाट लागली. मीही मान हलवली. आपण नव्या गोष्टीला उगाच नावे ठेवू नयेत, पण प्रसंग तसा होता.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
परबांच्या आईचे पान. तीन वाजले तरी कावळा नाही. परब गच्चीवर उभे राहून आईला एकेक कबूल करत होते. कोकणातल्या घराची कौले चाळणार, देवीला जाणार, विडी सोडणार. शेवटी सगळ्यांसमोर रडत म्हणाले, आवशी, बाळाशी बोलतलंय गो. बाळा म्हणजे यांचा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षे दोघांत शब्द नाही. तरी कावळा आला नाहीच, पण परब तसेच उपाशी घाटकोपरला भावाकडे गेले. संध्याकाळी दोघे एकत्र परत आले आणि जिन्यातच गळ्यात गळा घालून रडले.

माझ्या तिखटाने दोन भाऊ एक झाले. आणि हे कुणाला सांगता येत नाही. ही खरी अपूर्ण इच्छा. यादीत घेतली.

१६ सप्टेंबर, सोमवार
ही म्हणाली, उद्या नानांची तिथी. वडिलांची तिथी मी विसरलो नव्हतो. लक्षात नव्हती एवढेच.

संध्याकाळी साधा भात घेऊन गच्चीवर गेलो. मला बघताच कावळे शेजारच्या इमारतीवर गेले.

१७ सप्टेंबर, मंगळवार
विद्याधर सहकुटुंब आला. साडेबाराला पान घेऊन मी वर. कावळे अकरा. पानाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते.

पाऊण वाजता म्हटले, नाना, घराला रंग देतो. ढिम्म. सव्वाला म्हटले, नीलाचं लग्न थाटात करीन. दीडला म्हटले, तुमचा फोटो मोठा करून लावतो. (काच फुटल्यापासून माळ्यावर आहे.) पावणेदोनला माझ्याजवळचे संपले.

मग उगाच आठवत बसलो. नाना शेवटची सहा वर्षे आमच्याकडेच होते. खिडकीशी बसायचे. मी पेपर वाचत असायचो, ते काहीतरी बोलत असायचे, मी ‘हूं’ म्हणत असायचो. काय बोलत? एक वाक्य आठवेना. त्यांना काय हवे असेल, तंबाखू? गावची वाडी? एखादी गोष्ट तरी माहीत असायला हवी होती. फार वाईट वाटले. विद्याधरला विचारले, त्यालाही आठवेना. भुकेनेही असेल.

सव्वादोनला ही पदराला हात पुसत वर आली. भात बाजूला सारला, वडा पुढे केला आणि माजघरात बोलावे तशी म्हणाली, मामंजी, ह्यांची काळजी करू नका. ह्यांचं सगळं मी बघतेय ना. या आता, पोरं भुकेली आहेत.

कावळा आला. वडा घेऊन गेला.

विद्याधर हसून हसून कठड्याला टेकला. म्हणाला, नानांना शेवटपर्यंत तुझीच धास्ती होती रे दादा! माझे वय चोपन्न. हेडक्लार्क. हाताखाली नऊ माणसे. निव्वळ योगायोग. शिवाय वड्यावर माझा प्रयोग नव्हताच, तेव्हा रिझल्टला बाधा येत नाही.

जेवण गेले नाही. वडे चारच.

२१ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी
हिला विचारले, नानांचं तुला कसं कळलं? म्हणाली, कळायचं काय त्यात? रोज दुपारी तेच सांगायचे, माझ्यामागं ह्याचं कसं होणार. तुम्हालाही सांगायचे, तुम्ही हूं म्हणायचात.

मग हिने एकेक सांगायला सुरुवात केली. तिखटाचे पहिल्याच आठवड्यात कळले होते. तेव्हापासून डब्यात स्वस्तातले भरते. पाकीट वाचले आहे, आणि खांदेकऱ्यांच्या उंचीचे परबांच्या बायकोलाही वाचून दाखवले आहे. म्हणाली, दोन तास उभं राहायला माझे गुडघे कुठे आहेत? आणि मी कशाला असेन तिथे? आमच्या माहेरच्या बायका सवाष्ण जातात. माझ्या वेळी घाटावर तुम्ही उभे, आणि समोर तुमचे शिकवलेले कावळे.

ही बाब योजनेत धरलेली नव्हती.

म्हटले, मग तुझी काय इच्छा आहे ती आत्ताच सांग, मी टिपून ठेवतो. रेकॉर्डला असलेली बरी. ही माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, सांगून टाकली तर कावळ्याला काम काय राहिलं? ओळखा की तुम्ही. आणि दिवा लावायला उठून गेली.

२२ सप्टेंबर, रविवार
हिच्या इच्छांची यादी करायला घेतली. पैठणी लिहिले. मागे विद्याधरकडच्या मुंजीत सगळ्या जणी पैठण्या बघत होत्या तेव्हा ही म्हणाली होती, जड होते, मला नको. खोडले. काशी लिहिले. हिला गाडी लागते. खोडले. माहेर लिहिले. तिथे आता कुणी नाही. हे खोडताना हात थांबला, कारण तिथे कोण कधी गेले, आपण शेवटचे कधी गेलो, हेही नीट सांगता येईना.

तासभर बसलो. नंतर नीलाला विचारले. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? या वेळी हसली नाही.

२३ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या, स. ६
गच्ची. साधा भात, वर तूप. तीळ नाहीत, तिखट नाही. अर्धा तास काव काव करून बोलावले. कठड्यावर अकरा होते. एकही जागचा हलला नाही.