आपल्या लग्नाच्या सालची बोर्डो

रुपाली,

फ्रिजमध्ये स्टीलच्या बाटलीत वाइन आहे, कोकम सरबत समजून ओतून देऊ नकोस. आपल्या लग्नाच्या सालची ती फ्रान्सची बोर्डो मी आज दुपारी उघडली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायची ठरलेली, अजून तीन वर्षं होती. सॉरी.

मला वास येत नाही गं. गणपतीनंतर ताप आलेला, तेव्हापासून. परवा दूध करपलं तेव्हा तू ओरडलीस, "अरे, शेजारी बसलायस, नाक कुठे गेलं तुझं?" मी नुसता हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

हॉटेलात पाहुण्यांना वाइन सुचवताना पाच महिने मी नुसतं बाटलीवरचं नाव आणि साल वाचून बोलतोय. शनिवारी एका वयस्कर पाहुण्यांना अशीच भारीतली रेड दिली. आधी स्वतः चाखली आणि "उत्तम आहे सर" म्हणालो. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि हळूच विचारलं, "ही खराब झालीये. तुम्हाला कळलं नाही?"

म्हणून आज आपली उघडली. वाटलं, हिचा तरी वास येईल. अर्धा तास ग्लास धरून बसलो. नुसतं आंबट पाणी लागलं.

मॅनेजरला खरं सांगायला ठाण्याला चाललोय. वीस वर्षांचं काम आहे, फोनवर नाही सांगवत. पोळ्या डब्यात आहेत. अक्षदाला एवढ्यात काही बोलू नकोस, पोरगी उगाच घाबरेल.

तू मात्र एक घोट घे. कशी आहे ते मला सांग, चांगली असली तरी.

प्रीतम