पक्षी कोणाच्या लळ्याचा?

प्रिय धाकटे,

पक्षीघराच्या एका नियमामुळे हे पत्र लिहावं लागतंय. नियम नसता तर मी लिहिलं नसतं, हे आधीच कबूल करते. फोनवर सांगायला गेले असते तर 'जेवलीस का' विचारून फोन ठेवून दिला असता. म्हणून कागद घेतला. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नकोस.

वकील जिवंत आहे. आपलाच पोपट, राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा. तू तेरा वर्षांची असताना तो उडून गेला, असं आपल्या घरात सगळे धरून चालतात. तो उडाला नव्हता. मी त्याला नेऊन दिला होता.

शहराच्या टोकाला एक बंद पडलेली रोपवाटिका आहे. तिच्या काचघरात काही माणसं नको झालेले पोपट सांभाळतात. एक निवृत्त कंडक्टर, एक दंतवैद्य बाई, एक शिंपी, असे पाचसहा जण आपापली कामं सांभाळून येतात. कुणाचा मालक वारला म्हणून, कुणाच्या घरी बाळ आलं म्हणून, कुणी फार किंचाळतो म्हणून पोपट तिथे येतात. प्रत्येकाच्या खाण्या-औषधाचा भार उचलणारा एक पालक असतो. तेवीस वर्षं वकिलाची पालक मी आहे. पुढे आणखी चौघांची झाले. लोक नाचणारा, शीळ घालणारा पक्षी निवडतात. मी उरलेले घेते. एका पांढऱ्या काकाकुव्यानं छातीची सगळी पिसं स्वतःच उपटून काढली आहेत. त्याच्या पिंजऱ्यापुढे कुणी उभं राहत नाही. त्याचं पालकपण माझ्याकडे आहे.

दर रविवारी मी 'देवळात' जाते म्हणून तुझ्या दादाला कौतुक वाटतं ना? मी इथे जाते. आणि इथे मला काय म्हणतात माहीत आहे? मुक्या काकू. हस, हसण्यासारखंच आहे. आयुष्यभर तीस खाटांचा वॉर्ड जिच्या एका हाकेवर चालला, ती बाई काचघरात शिरली की ओठ मिटते, फळं चिरते, वाट्या घासते आणि निघते. दंतवैद्य बाईंनी एकदा खुणा करून मला बसायला सांगितलं. कंडक्टर म्हणाला, 'अहो, ऐकू येतं त्यांना, बोलवत नाही फक्त.' त्याचं अर्धं खरं होतं.

आता कारण सांगते. तुला आठवतंय का नाही ठाऊक नाही, पण मला ती सकाळ तपशिलासकट आठवते. मी दाराशी चपला घालत होते, ड्युटीची घाई होती. तू दाराकडे पाठ करून, पुस्तक ताटलीला टेकवून खात होतीस. वकील पिंजऱ्यातून माझ्या आवाजात, अगदी माझ्या ठसक्यात म्हणाला, 'सरळ बस. एवढंही जमत नाही?' आणि तू सरळ बसलीस. कोण बोललं हे बघायला मानही वळवली नाहीस. खांदे मागे, पुस्तक बंद, हात मांडीवर. एका पाखराच्या शब्दावर माझी मुलगी अशी ताठ झाली. तुझे बाबा वर्तमानपत्राआडून हसत म्हणाले, 'आडात असेल तेच पोहऱ्यात येणार.' ते चेष्टा करत होते. माझ्या पायाखालची फरशी सरकली.

शहाणी बाई असते तर त्या दिवसापासून आवाज खाली आणला असता. मी पोहरा घराबाहेर काढला. आणि काचघरात ओठ मिटले, तो आवाज पुन्हा कुठल्या पाखरात उतरू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत, बाबा कामावर. पक्षीघरात फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता: 'पक्षी कोणाच्या लळ्याचा?' मी तुझं नाव लिहिलं. कागदावर खोटं लिहायची मला सवय नव्हती. वॉर्डात एका चुकीच्या नोंदीनं माणूस दगावतो. खोटं मी घरी केलं. तेही मला सांगावं लागलं नाही, तू आयतं हातात दिलंस. त्याला मी पिंजऱ्यासकट नेलं होतं. रिकामा हूक दिसायला नको म्हणून माळ्यावरचा जुना छोटा पिंजरा तिथे टांगला, आणि बदल कुणी विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं: मोठा घासायला काढलाय, वकील यातून उडाला. तू दप्तर खांद्यावर असतानाच म्हणालीस, 'आई, सकाळी मी त्याला पेरू दिला. मी कडी लावली नव्हती का?' कुठला पिंजरा हेही तू पाहिलं नाहीस. मी म्हणाले, 'पुढच्या वेळी लक्ष ठेव.' पुढची वेळ कुठून येणार होती, धाकटे?

मग तू रंगीत खडूंनी त्याची चित्रं काढलीस, शेपटीला लाल खडू संपवलास. बाबा खळीचा डबा घेऊन तुझ्याबरोबर गल्लोगल्ली फिरले. त्यांनाही मी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत. टपालपेटीजवळच्या खांबावरचं एक चित्र मी काढून आणलं. त्यावर तू लिहिलं होतंस, 'चूक माझी आहे, त्याला रागावू नका.'

आता नियम. रोपवाटिकेची जागा जाते आहे, पक्षी वाटून द्यायचे आहेत. ज्याच्या लळ्याचा पक्षी, त्याला आधी लेखी विचारल्याशिवाय तो दुसऱ्याला देत नाहीत. कंडक्टरनं जुना फॉर्म काढला, तुझं नाव वाचलं आणि विचारलं, 'या कोण?' तेवीस वर्षांत त्या काचघरात मी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, 'माझी मुलगी.' वकिलानं मान तिरकी केली आणि गप्प राहिला.

पण नियमातून पळवाट मला काढता आली असती. 'मुलीला नको आहे' असं लिहून देता आलं असतं. पेन हातात होतं. मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले होते, तेव्हा नातीनं शाळेतला ससा सुट्टीपुरता घरी आणायचा हट्ट धरला. तू हसत म्हणालीस, 'नको गं, माझ्या हातून कड्या उघड्या राहतात. माझ्याकडे जीव टिकत नाही.' आणि उठून दाराची कडी पुन्हा एकदा बघून आलीस. मी समोर सफरचंद सोलत बसले होते. एका वाक्याचं काम होतं. मी फोडी केल्या. तेव्हाचं खोटं घाईत झालं होतं म्हणता येईल. हे सावकाश, फोडी मोजून झालं. म्हणून लिहिते आहे. त्या सकाळी तू कडी लावली होतीस. मी स्वतः ती उघडून पाहिली, पुन्हा लावली, आणि पिंजरा उचलला. वकील तुला हवा की नको, ते तू ठरव. मला माफ करायचं की नाही, तेही. नातीला ससा मात्र आणू दे.

तुझीच,
आई

सोबत खडूचं चित्र घातलं आहे. वकील काल माझ्याकडे आला. तुझं उत्तर येईपर्यंत इथे राहील. पक्षीघराच्या वहीतली नोंद उतरवून देते:

राखाडी पोपट, नर, एक. डाव्या पायाचं एक नख नाही, तब्येत चांगली. कुरतडलेली लाकडी दांडी, एक. पक्ष्यासोबत आलेला पिंजरा, एक. ताब्यात घेणार: आई, मुलीच्या वतीने. पिंजऱ्याची कडी, येतानाची नोंद: शाबूत, घट्ट बसते. जातानाची नोंद: तशीच.