खंडेनवमीची स्नोमोबाइल

अहो आई,

आज खंडेनवमी झाली, तुमच्याशिवायची पहिली. जे घडलं ते तुम्हालाच सांगायचंय आणि आता फोन लावायची सोय नाही, म्हणून लिहायला बसले. श्रूजबरीत झाडांची पानं गळायला लागलीत. तुमचा झेंडू मात्र अजून फुलतोय, तुमच्याइतकाच हट्टी!

निवृत्त झाल्यावर तुमच्या मैत्रिणी क्रूझवर गेल्या आणि तुम्ही स्नोमोबाइल घेतली, बर्फावरून पळणारी मोटरसायकलच. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिलेली बाई, डोक्यावर हेल्मेट, आणि न्यू हॅम्पशायरला आपल्या कॅबिनभोवतीच्या बर्फात सुसाट! सुसाट नाही, चुकलं. समीर म्हणायचा, आईच्या मागे बसलं की झोप येते.

मुलांना मात्र तुमच्या परीक्षेशिवाय मशीनवर बसायला मिळायचं नाही. खंडेनवमीला गॅरेजमध्ये पूजा, आणि पूजेतच वर्ग. आपली रेवा, नील आणि ओळखीची मराठी पोरं ताटाभोवती उभी राहायची. ज्या भागाला कुंकू लावायचं त्याचं नाव सांगायचं, काम सांगायचं, आणि तो आपल्याला कसा दुखवेल तेही सांगायचं. भूल द्यायच्या आधी यंत्र असंच मोठ्याने बोलत तपासायची सवय होती ना तुमची?

उजव्या अंगठ्याशी थ्रॉटल. घाबरून मूठ आवळली तर गाडी थांबत नाही, आणखी पळते. डाव्या हाताला ब्रेक. पुढच्या दोन स्की गाडी वळवतात. खालचा रबरी पट्टा म्हणजे ट्रॅक. त्याच्या मागे उभं राहायचं नाही आणि गळ्यात लोंबता मफलर घालायचा नाही. एकाचा आजीने विणलेला मफलर तुम्ही काढून घेतलात. तो रडला, तेव्हा त्याच लोकरीची टोपी विणून दिलीत!

मग ती लाल दोरी. एक टोक मशीनला, दुसरं आपल्या जॅकेटला. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. रेवा एकदा तुमच्या नजरेसमोर चालवताना वळणावर पडली, तेव्हा मशीन तिच्यापासून दोन हातांवर गप्प उभी होती. त्या दिवशी मी तुमच्याशी जेवणापर्यंत बोलले नव्हते. दोरी तुम्हीच बांधली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

सगळ्यात शेवटचं कुंकू मुलांच्या कपाळाला. “हा शेवटचा पार्ट,” तुम्ही म्हणायचात. “हा बिघडला तर बाकीचे सगळे फुकट.”

मी कुठे असायचे? गॅरेजमध्ये उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दारात, हाताची घडी घालून. नागपूरच्या उन्हात वाढलेली मी, मला बर्फावर साधं चालतानाही धडकी भरते. मला भीती वाटते, असं एकदा तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “बरं आहे. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी चावी देत नाही.” एवढं बोलून चहा प्यायला लागलात! हात धरून ओढून का नाही नेलंत मला? इतरांना तर सोडत नव्हतात.

तुम्ही गेल्यावर मी ठरवून टाकलं, मशीन विकायची. या हिवाळ्यात कॅबिनमागच्या मैदानात रेवाने एकटीने चालवायची, असा तुमचा तिला शब्द होता. पण शिकवणारं माणूसच नाही, तर पोरीला कोणाच्या भरवशावर सोडू? रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. ऐकून रेवा एवढंच म्हणाली, “कॅन वी डू द पूजा फर्स्ट?”

मग आज तुमच्या जागी ती उभी राहिली. नीलला सगळं विचारलं, अगदी तुमच्यासारखं, नाकावर चष्मा नसतानाही चष्म्यावरून बघत! ट्रॅकपाशी तो अडखळला. आणि दारातून मी बोलून गेले, “मागे उभं राहायचं नाही. मफलर काढ आधी.”

रेवाने ताट माझ्यापुढे धरलं. “आई, यू डू द रेस्ट.”

मी गॅरेजच्या दोन पायऱ्या उतरले. थ्रॉटल, ब्रेक, स्की, दोरी, एकही भाग चुकला नाही. इतकी वर्षं दारात उभी राहून माझा सगळा अभ्यास झाला होता. तुम्हाला ते माहीत होतं का हो? म्हणून ओढलं नाहीत?

आणि मग रेवाने बोट कुंकवात बुडवून माझ्या कपाळाला टेकवलं. “शेवटचा पार्ट,” ती मराठीत म्हणाली. आई, मी तिथेच त्या मशीनच्या सीटवर बसले आणि खूप रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलंय. बर्फ पडायच्या आत रेवा आणि मी सेफ्टीचा कोर्स करणार आहोत, एकाच बाकावर बसून. तुमचा तिला दिलेला शब्द मी पाळीन. आणि तिच्या जॅकेटला दोरी मी बांधीन, माझी तिच्याकडून बांधून घेईन. भीती वाटतेच आहे. म्हणजे आता चावी द्याल ना?

कपाळावरचं कुंकू अजून न पुसलेली,
तुमची मानसी