एका दोऱ्यानं सुटणारी पट्टी

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

अठरा हजार चारशे! गेल्या वीस वर्षांत जखमेवरच्या पट्ट्यांसाठी जगभरातून झालेले पेटंटचे अर्ज, सगळे माझ्या एका तक्त्यात. कोण जेलच्या पट्टीमागे आहे, कोण फेसाच्या, कोण चांदीच्या — हे बघून दिवाकर गिऱ्हाइकाला सांगणार, पुढं कशावर संशोधन करा. दिवाकर माझा साहेब. तो पुण्यात, मी झाशीत, सिव्हिल लाइन्समध्ये बाबांच्या जेवणाच्या टेबलावर. फोनवर म्हणाला, "अहिल्या, एकट्यादुकट्याचे, एकाच देशात केलेले, मुदत चुकून मेलेले अर्ज आधी उडव. कचरा कमी होतो."

उडवले. तेवीसशे गेले. एवढ्या कामाला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

११ ऑक्टोबर

बाबांच्या टाचेची जखम दीड महिना झाला तरी भरत नाही. साखर! लक्ष्मण कंपाउंडर दिवसाआड येतो. आज जखमेवरचं गॉज चिकटलं होतं. त्यानं सलाइन ओतलं, थांबला, तरी निघताना कोवळी कातडी घेऊनच निघालं. "तनक सबर करो बाबूजी, बस हो गओ." बाबा फौजेत बत्तीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होते, किती जणांच्या जखमा बांधल्या असतील — आज उशीचा कोपरा दातांत धरून पडले होते. मी चहा टाकते म्हणून आत गेले. चहा टाकलाच नाही.

१३ ऑक्टोबर

आज संदर्भांचं काम. नवा अर्ज आला की पेटंट ऑफिसातला तपासणारा त्यात नोंदवतो, याच्या जवळपासचं आधी कुणी काय केलंय. ज्याचा उल्लेख फार, तो कामाचा. 'न चिकटणाऱ्या पट्ट्या' या गटात एकच भारतीय क्रमांक चौदा वेळा आला. आणि माझ्या तक्त्यात तो नाहीच! शोधला. सोमवारच्या कचऱ्यात सापडला. उघडला.

संशोधक: केशवराव भोईटे, झाशी.

बाबा!

१४ ऑक्टोबर

इथं तरी खरं लिहावं.

बाबांनी निवृत्तीनंतर ही पट्टी केली. जखमेला लागून बारीक जाळी, तिच्या कडेनं ओवलेला दोरा. टोक धरून ओढलं की जाळी कडेपासून हलकेच सुटत येते, ओरबाडत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये ग्वाल्हेरच्या वकिलाकडून अर्ज केला. पण आपल्याकडे नुसत्या अर्जानं भागत नाही — 'हा तपासा' अशी वेगळी विनंती चार वर्षांच्या आत द्यावी लागते. नाही दिली की अर्ज मागे घेतला असंच धरतात. घरच्या घरी डोकं लढवणारी माणसं नेमकी इथं फसतात. पावती हातात आली की पेटंट मिळालं समजून पेढे वाटतात!

मला हे माहीत होतं. माझं पोटच त्यावर! अर्ज पेटंटच्या जर्नलात छापून आला तेव्हा मी पुण्यात होते. बाबांनी सगळी फाइल माझ्याकडे पाठवली — "आता तू बघ." मी लोकांच्या तारखा डोळ्यांत तेल घालून सांभाळत होते आणि बाबांची फाइल कपाटावर. दिव्याखाली अंधार. ऑगस्ट २०१४ आला नि गेला. मला सप्टेंबरात आठवलं.

मग जे केलं ते विसरण्याहून वाईट. फोन करून सांगितलं, "बाबा, ऑफिसनं नाकारला. यात नवीन काही नाही म्हणाले."

नवीन काही नाही! तो अर्ज तपासायला कुणी हातातसुद्धा घेतला नव्हता. चूक माझी, आणि कमीपणा त्यांच्या माथी मारला. महिन्याभरात त्यांनी, ज्यावर पट्टी शिवली ते शिलाई मशीन शेजारी देऊन टाकलं. पुन्हा काही केलं नाही. कुणी विषय काढला की हसून म्हणतात, "अपना तो पुराना माल निकला, भैया." मी तिथंच बसलेली असते. मीही हसते.

१६ ऑक्टोबर

सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं.

१७ ऑक्टोबर

आजही नाही. भित्री! भाज्या मात्र दोन प्रकारच्या केल्या.

१९ ऑक्टोबर

दिवाकरला फोन केला. म्हटलं, एका अर्जावरून कळलं, मेलेले अर्ज परत घ्यायला हवेत, त्यांच्यावरच पुढचे उभे आहेत. तो वैतागला. "एका अर्जासाठी सगळं काम पुन्हा? कोण आहे हा माणूस?"

"माझे वडील."

मग म्हणाला, "दोन दिवस जास्त घे." भला माणूस आहे. पण तक्ता दुरुस्त करणं सोपं होतं. ते करून मी बाबांना सांगणं अजून दोन दिवस ढकललं.

२२ ऑक्टोबर

सांगितलं. लक्ष्मण पट्टी बांधून गेला, बाबांच्या कपाळावर अजून घाम होता. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "हे चौदा अर्ज बघा. जपान, जर्मनी, कुठकुठचे. सगळ्यांत तुमच्या पट्टीचा उल्लेख आहे. तुमचा अर्ज कुणी नाकारला नव्हता, बाबा. मी तारीख चुकवली आणि तुमच्याशी खोटं बोलले."

नऊ वर्षं घोकलेलं, आणि पाच मिनिटंही लागली नाहीत.

ओरडतील वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, चौदाच्या चौदा बघितले. शेवटी आपल्या अर्जाच्या पहिल्या पानावर आले, जिथं त्यांचं नाव आहे. तिथं खूप वेळ थांबले. मग म्हणाले, "दवा का टाइम हो गया क्या?"

२३ ऑक्टोबर

बोलत नाहीत. दोन घास खाऊन ताट सारलं. कशाला उकरलं मी? खोटं का होईना, 'पुराना माल' म्हणून हसत तरी होते! मला माझं ओझं उतरवायचं होतं, ते मी आजारी माणसाच्या अंगावर टाकलं.

२४ ऑक्टोबर, दसरा

सकाळी त्यांनीच हाक मारली. "अहिल्या, ती तारीख मलाही पाठ होती. मुद्दाम तुला आठवण करून दिली नाही. दोऱ्याची अक्कल माझी नव्हे. बबीन्याला फौजी इस्पितळाच्या वॉर्डात एक आया होती, हौसाबाई. मी पट्टी ओढली, जवान किंचाळला, तेव्हा म्हणाली — भाऊ, पोत्याची शिवण एका दोऱ्यानं सुटते, मग हे का नाही? अर्जात तिचं नाव मी घातलं नाही. छापून आलं तेव्हा एकटं माझं नाव बघून लाज वाटली. तू नाकारला म्हणालीस — मी सुटलो, बेटा."

आता तिचं नाव घालता येईल का, बाबांनी विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. मेलेल्या अर्जात नाही घालता येत.

"हौसाबाई कुठं असते आता?" मी विचारलं.

"कधी विचारलंच नाही."