एक गाडी बेदाणा

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

मीटिंग झाली. मालक विश्वजीतसाहेब (वय चौतीस, शिक्षण परदेशी, संयम नाही) यांनी सांगलीची कंपनी विकत घेतली. तिचं ऑफिस सांगलीत, कोल्ड स्टोरेज तासगावात. यापुढे आमच्या सातारच्या पॅकिंगला लागणारा बेदाणा तिथूनच येणार. म्हणून दोन्ही ऑफिसांची नेटवर्क जोडायची.

साहेब म्हणाले, आपलं जुनं नेटवर्क बंदच करून टाकू.

जुनं! सत्त्याण्णव साली मी स्वतः शिडीवर चढून टाकलेलं आहे ते. त्यानंतर तीन मॅनेजर गेले, थोरले साहेब गेले, नेटवर्क आहे. त्याचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची भाषा, आयपीएक्स. सांगलीकडे टीसीपी-आयपी, म्हणजे सगळं जग वापरतं ते. सर्दीही सगळ्या जगाला होते.

उभा राहिलो आणि सांगितलं, काही बंद करायचं कारण नाही. मध्ये गेटवे सॉफ्टवेअर बसवतो. दुभाष्याचं काम. आमचं बोलणं त्यांच्या भाषेत, त्यांचं आमच्या. साहेबांनी विचारलं, किती दिवस? म्हणालो, आठवडा. मनात चार दिवस धरले होते, पण उगाच कुणाला दिपवायचं नाही.

साहेब म्हणाले, पुढे दोन्हीकडचं मिळून एकच सिस्टिम डिपार्टमेंट करणार, हेडही एकच. आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे ठरलंच.

६ ऑगस्ट

सांगलीहून ईमेल. शाझिया तांबोळी, तिकडची सिस्टिम ऑफिसर. "सर, एकदा फोनवर बोलूया का? काम सुरू करण्याआधी दोन्हीकडचे तपशील जुळवून घेऊ." शब्दाशब्दांत आगाऊपणा. मी शिडीवर होतो तेव्हा ही पाळण्यात असणार. पाळण्यात तरी असेल का, शंका आहे.

संकल्प: सांगलीला फोन करायचा नाही. मोठ्यांनी फोन करायचा नसतो, घ्यायचा असतो. घ्यायचा की नाही तेही आपण ठरवायचं.

८ ऑगस्ट

गेटवेची सीडी सापडली. पूर्वी पुण्याच्या एका सेमिनारला फुकट मिळालेली. वेष्टण अजून फोडलेलं नव्हतं. याला दूरदृष्टी म्हणतात. सौ. याला पसारा म्हणते.

ऑफिसातल्या एकाही नव्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नाही. याला प्रगती म्हणतात. पोवई नाक्यावरच्या फोटो स्टुडिओतून ड्राइव्ह उसना आणला. स्टुडिओवाल्याने विचारलं, कुणाच्या लग्नाची सीडी आहे? म्हणालो, दोन ऑफिसांच्या. तो हसला नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

आठवडा संपला. काम जवळजवळ झालं. म्हणजे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढलं आहे. अधूनमधून उतरतं.

साहेबांनी विचारलं, कुठवर आलं? म्हणालो, अंतिम टप्पा. ते म्हणाले, सांगलीच्या मॅडमना घ्या की बरोबर. ऐकू न आल्यासारखं केलं. वयाचा हा एक फायदा आहे.

१४ ऑगस्ट

शाझियाची पुन्हा ईमेल. "सर, तुमच्या सर्व्हरने ऑर्डर पाठवली की आमच्याकडून तिची पोच परत जाईल. ती त्याला कळेल अशा स्वरूपात गेटवेने करून द्यायला हवी. पोच कळली नाही तर तो तीच ऑर्डर पुन्हा पुन्हा पाठवत राहील. हे सेटिंग केलंय ना?"

सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये पोच या विषयावर अख्खा धडा आहे. वाचला नाही. माझा सर्व्हर इतकी वर्षं मुकाट्याने काम करतोय. शाबासकी मागत नाही, पोच कशाला मागेल?

उत्तर दिलं: "नोंद घेतली." घेतली नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

सौ.ने जेवताना विचारलं, त्या मुलीला एक फोन केला तर काय बिघडेल? समजावून सांगितलं की हा प्रश्न फोनचा नाही, सातारा आणि सांगली यांच्यातल्या तत्त्वाचा आहे. सौ.चं माहेर तासगाव. तिने आमटी माझ्यापासून लांब ठेवली.

२० ऑगस्ट, मंगळवार

सकाळी अकरा. ऐतिहासिक क्षण. साहेब मागे उभे. मी सातारच्या सर्व्हरवर ऑर्डर टाईप केली: बेदाणा, एक गाडी. एंटर दाबलं. तासगावच्या गोदामात आपोआप चिठ्ठी छापून निघाली. तिथले मुकादम नाथाजी यांचा साहेबांना फोन आला, "चिट्टी आली बगा. भरतो गाडी." साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात मारली, पण भावना पोचली.

साडेबारा. गेटवेच्या स्क्रीनवर निरोपांचा आकडा चढतोय. ऑर्डर एकच, तरी केवढी जा-ये! इतकी वर्षं गप्प असलेल्या नेटवर्कला कंठ फुटला आहे.

दीड. शाझियाचा फोन. अभिनंदनाचा असणार. घेतला नाही. थोडं ताटकळू दे.

दोन. पुन्हा तिचाच. मग पुन्हा. मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर थरथरतोय. पश्चात्ताप माणसाला किती अस्वस्थ करतो!

तीन. ऑफिसच्या फोनवर मेहुणा शिवतेज, तासगावहून. "दाजी, मोबाईल का उचलत न्हाई? हितं कोल्डवरनं साताऱ्याच्या नावानं गाडीमागं गाडी निघालीया. दुकान काढलंसा का काय बेदाण्याचं?" माहेरची माणसं, चेष्टा करायची जुनी खोड. म्हणालो, हो, तुला गल्ल्यावर बसवतो. त्याला म्हटलं, हे नेटवर्किंग आहे, तुला कळायचं नाही. तो म्हणाला, "मला गाड्या मोजाय येतात की वो."

फोन ठेवला. आकडा अजून चढतोच आहे. ऊर भरून आला.

पाच. वॉचमन धुळा वर आला. "आवं साहेब, गेटावर गाडी आलीया." म्हणालो, घे आत. "घेतली. तिच्या मागं आनिक दोन हायत." म्हणालो, असतील दुसऱ्या कुणाच्या. "न्हाई वो. समद्यांकडं आपलीच चिट्टी हाय."

खिडकीतून बघितलं. पुढचं नंतर लिहीन.

२१ ऑगस्ट

लिहितो. लपवण्यासारखं काही नाही.

पोच खरोखरच कळली नव्हती. सांगलीने ती पाठवली, गेटवेने ती जशीच्या तशी पुढे ढकलली, आणि आमच्या सर्व्हरला वाटलं की आपलं कुणी ऐकलंच नाही. म्हणून तो बिचारा पुन्हा सांगत राहिला: बेदाणा, एक गाडी. प्रत्येक वेळी तासगावात नवी चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीला नवी गाडी. सर्व्हरच्या चिकाटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आमच्या गेटपासून एमआयडीसीच्या कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. आभाळ भरलेलं, हवा दमट. कोल्डमधून बाहेर काढलेला बेदाणा अशा हवेत राहिला की काळा पडतो, मग त्याला कुणी विचारत नाही. आमच्या पॅकिंग शेडमध्ये जेमतेम दोन गाड्यांची जागा.

साहेब मला काही बोलले. वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही. "निवृत्ती" हा शब्द ऐकू आला.

तेवढ्यात एक छोटी गाडी आली, तिच्यातून शाझिया आणि नाथाजी उतरले. नंतर कळलं, फोन लागेना म्हणून तिने तिकडची वायर काढली, चिठ्ठ्या थांबवल्या, निघालेल्या ड्रायव्हरांना फोन करून जमतील तेवढ्या गाड्या कराडहूनच माघारी वळवल्या आणि उरलेल्यांच्या मागे स्वतः आली. चिमुकली मुलगी. चष्मा. ती उंच असेल असं मी धरून चाललो होतो.

माझ्याशी एक शब्द नाही. सरळ रांगेत घुसली. दोन गाड्या शेडला लावल्या. बाकीच्यांना म्हणाली, ताडपत्री अजिबात सोडू नका, आत्ता वळा, तासगावला माणसं उतरवायला उभी आहेत. एक ड्रायव्हर म्हणाला, जेवल्याशिवाय हलणार नाही. ती म्हणाली, "मामा, कराडला जेवण सांगून ठेवलंय. गरम आहे तोवर पोचा." गाडी हलली. मला जमलं असतं, पण मी त्या वेळी वर सर्व्हर रूमच्या खिडकीत महत्त्वाचा विचार करत होतो. नंतर खाली गेलो.

साहेबांनी नाथाजींना विचारलं, अहो, एवढ्या गाड्या भरताना तुम्हाला शंका आली नाही? नाथाजी टोपी हातात घेऊन उभे. "आली की. पर नव्या मालकाचा पयलाच हुकूम. म्हाताऱ्या मानसानं पयल्याच दिशी उलटं इचारलं तर घरी बसवत्याल, असं वाटलं. चिट्टी आली की भरत ऱ्हायलो." त्यांचे हात खोकी उचलून सोलवटले होते. मी दुसरीकडे बघितलं. उजेड कमी होता.

साहेब माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार तोच शाझिया मध्ये पडली. म्हणाली, "सर, चाचणी न घेता लाइन आम्हीही सुरू होऊ दिली. चूक दोन्हीकडची आहे."

कबुली! सर्वांदेखत! चूक दोन्हीकडची म्हणजे निम्मी तिची. आणि निम्म्यात मूळ निम्मी कुठली, ते काळ ठरवेल.

२२ ऑगस्ट

शाझिया आज सर्व्हर रूममध्ये बसली. मला म्हणाली, सर, तुम्ही शेजारी बसाल का, हा सर्व्हर तुम्हालाच कळतो. बसलो. देखरेखीसाठी. तिने पोचेचं सेटिंग केलं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक बरोबर निघाली. ती म्हणाली, "अरे वा, हे माझ्या लक्षात आलं नसतं."

यात खोच असणार. अजून सापडलेली नाही.

दुपारी ऑर्डर पाठवली. गाडी आली. एकच. जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल. सिस्टिम हेड: शाझिया तांबोळी. जुनं नेटवर्क दिवाळीपर्यंत चालू ठेवून मग बंद. मी आठवड्यातून तीन दिवस सांगलीला जायचं, नवी सिस्टिम शिकायची. तिच्या हाताखाली, असं साहेब म्हणाले नाहीत. तसं लेखी आलं.

राजीनामा देणार. उद्याच.

२४ ऑगस्ट

राजीनामा लिहिला. बाणेदार उतरला. सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, आता घरी बसून दिवसभर मला काय काय शिकवणार ते सांगा.

राजीनामा तूर्त स्थगित. दबावामुळे नव्हे. एका माणसाच्या जाण्याने दोन शहरांचा संपर्क तुटावा हे मला पटत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

पहाटेच्या एसटीने सांगली. वाटेत निश्चय केला: जायचं, पण शिकायचं नाही. शरीराने हजर, मनाने सातारा.

नाथाजी दारातच भेटले, तासगावहून काही कामाने आलेले. हाताला पट्ट्या. म्हणाले, "या साहेब, च्या घ्या." घेतला. त्यांचा मान राखायला. त्यांनी झालेल्या प्रकाराबद्दल एक अक्षर काढलं नाही, उलट विचारलं, "तुमास्नी लय बोलले का वो त्या दिशी?" म्हणालो, छे. ते म्हणाले, "मला बी न्हाई." दोघांनीही आणखी अर्धा अर्धा घेतला.

शाझियाने सगळ्यांशी ओळख करून दिली. "सातारचं नेटवर्क यांनी एकट्याने उभं केलं आणि आजपर्यंत चालवलं." तिखट भाषण तयार करून गेलो होतो, शेवटच्या ओळीपर्यंत पाठ. ते कुठल्या मुद्द्यावर सुरू करायचं तेच कळेना. "नमस्कार" म्हणालो.

मग तिने मला नव्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हणाली, सर, पहिल्यांदा स्वतःचा पासवर्ड ठेवा, कुणाला सांगू नका. ठरवलं, पासवर्ड असा हवा की त्यातून आपला कणा दिसेल. एक जळजळीत मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत ठोकलं, मध्ये दोन आकडे, शेवटी उद्गारचिन्ह. दोनदा टाकलं. मशीनने मान्य केलं. दिवसातली पहिली शरणागती, त्याची.

जेवून परत आलो, तर आत घेईना. पाच वेळा टाकून बघितलं, मग त्याने कुलूपच लावलं. शाझिया तासगावला गेलेली. संध्याकाळपर्यंत बंद स्क्रीनसमोर ताठ बसलो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की विचार चाललाय.

उद्या तिला विचारावं लागणार. कणा तसाच आहे. स्पेलिंग विसरलो.