घराचे कागद

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. "दादा, घराचे कागद सापडत नसतील तर राहू दे. पेट्या उपसत बसू नकोस, तुझी कंबर धरते," म्हणे! तुरुंगात बसून माझ्या कंबरेची काळजी करतोस, गाढवा.

टोळीची गाडी तू गॅरेजात रंगवलीस, एवढ्यावरून पाच वर्षं आत आहेस. टोळ्यांसाठी केलेल्या या कायद्यात माणूस निर्दोष असावा असं आधी न्यायाधीशांना वाटावं लागतं, तेव्हा कुठे जामीन मिळतो. चार वेळा अर्ज फेटाळला गेला. पाचव्यांदा मंजूर झाला तेव्हा वकीलबाई फोनवर रडल्याच. मग म्हणाल्या, "आता फक्त जामीनदार हवा. घराचे कागद आणा, दादा."

मी म्हणालो, "शोधतो."

त्याला तीन महिने झाले. कागद हरवलेले नाहीत. त्याच दुपारी मी ते घरून उचलून ऑफिसात आणले. आत्ता लिहितोय त्या टेबलाच्या खणात आहेत. तू पळालास तर घर जाईल, म्हातारपणी आईला कुठे नेऊ, असं स्वतःला सांगतो. आई मात्र रोज गाद्या उचलून कागद शोधते. काल तिने देवांमागेही हात घालून पाहिलं.

न्यायाधीशांनी तुला चार-पाचदा पाहिलं असेल, तेही लांबून. त्यांना तुझी खात्री पटली. मी तर तुला बोट धरून चालायला शिकवलं.

हे पत्रही त्या कागदांवरच ठेवतो आणि खणाला कुलूप लावतो.

तुझा जामीनदार न झालेला,
दादा